नऊ नंबरचं सॅम्पल

नऊ नंबरचं पिल्लू मरायला टेकलं होतं, आणि ते का, हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

शिवडीला गोदामांच्या मागे, खाडीच्या चिखलाला लागून गौतमदादाची डुकरांची शेड आहे. वर पत्रे, खाली कोबा, कमरेएवढ्या भिंती घालून केलेले सहा खण. त्यातल्या एका खणात पावणेतीन महिन्यांची एकवीस पिल्लं. कानात प्लास्टिकचे बिल्ले, बिल्ल्यावर नंबर. त्या दिवशी सकाळी वजनं घ्यायची होती. गौतमदादा एकेक पिल्लू उचलून गोणपाटाच्या झोळीत टाकायचा, मी काटा वर धरायची, अनुजा मॅडम आकडा वाचून वहीत लिहायच्या. बाकीची सोळा-सतरा किलोला पोचलेली. नऊ नंबर भरलं साडेदहा. अडीच आठवड्यांपूर्वी ते बारा होतं.

पाठीची हाडं वर आलेली, केस उभे, आणि पोट मात्र फुग्यासारखं. झोळीत टाकल्यावर ते ओरडलं नाही. नुसतं खोकलं. डुकराचं पिल्लू उचलल्यावर ओरडत नाही म्हणजे त्याचं काही खरं नाही, एवढं मला सात महिन्यांत कळायला लागलेलं.

"मॅडम, तुमचं क्लीनवालंच आजारी कसं काय?" गौतमदादाने विचारलं.

मॅडमनी थर्मामीटर लावला, डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या, कानांच्या मागे बघितलं. मग वही मागे उलटून अडीच आठवड्यांपूर्वीचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. त्या पानावर अक्षर माझं होतं.

ते क्लीन काय प्रकरण ते आधी सांगते.

नववीत मी शाळा सोडली. एका बाईंशी वाजलं, मी वही फेकली, ती त्यांना लागली. मग वर्षभर काळाचौकीला चाळीच्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडली. शेवटी कालिंदी आत्याने मला परळला, जनावरांच्या कॉलेजात चिकटवली. ती तिथल्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काचपट्ट्या धुते, कॉन्ट्रॅक्टवर. दर सहा महिन्यांनी तिची सही होते आणि त्या आठवड्यात ती घरी कोणाशी बोलत नाही.

अनुजा मॅडम तिथेच डॉक्टर, पुढचं शिकतायत. राहायला दादरला, बोलणं एकदम पुस्तकातलं. त्यांचा विषय एकच, पाळलेल्या डुकरांच्या पिल्लांत पोटातले जंत किती जणांना असतात. शिवडी, अँटॉप हिल, तिकडे ठाण्या-कल्याणपर्यंत शेडी धरलेल्या. पिल्लाची घाण आणायची, मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, गाळून नळीत काठोकाठ भरायची, वर काच ठेवायची. जंतांची अंडी मिठाच्या पाण्यात तरंगतात, वीस मिनिटांत वर येऊन काचेला चिकटतात. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. मोठ्या जंताचं अंडं म्हणजे पार छोटा तपकिरी फणस, तशीच खडबडीत साल. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तिथून हललीच नाही.

मला वाटलेलं शंभरात दहा-बारा जणांना असतील. निघाले साठ-पासष्ट. प्रत्येक शेडवाला छातीवर हात ठेवून सांगायचा की माझ्याकडे नसणार, मी रोज धुतो, आणि त्याच्याकडेही निघायचेच. मॅडमचं म्हणणं, यात लाजायचं काय. पिल्लांच्या अंगात अजून ताकद नसते, ती जमीन हुंगतात, एकमेकांची घाण चाटतात, जंत होणारच. औषध दिलं की पडतात. फक्त कोणाला आहेत ते माहीत पाहिजे.

म्हणून सॅम्पल घ्यायचा नियम कडक. जमिनीवरचं उचलायचं नाही. कोणीतरी पिल्लाचे मागचे पाय धरायचे, आपण हातमोजा घालून, तेल लावून बोट आत घालायचं आणि तिथलं काढायचं. एक पिल्लू, एक मोजा, एक पिशवी, एक नंबर. पिल्लू असं बोंबलतं की कानात दिवसभर शिट्टी वाजते.

मी ते करायची. किळस नव्हती मला. मग श्रावण लागला.

आत्याने घरी आजपर्यंत सांगितलेलंच नाही की ती डुकराचं काम करते. गुरांचं सांगते. श्रावण लागला तशी तिने मला लॅबच्या मागे गाठलं. घरात गणपती यायचाय, मोदक तुझ्या हाताने वळायचेत, श्रावण जाईपर्यंत डुकराच्या आत बोट घालायचं नाय गो. खालचं उचल, चमच्याने. मी विचारलं, आणि नंबर? तर बोलली, नंबर काय, तू लिहिशील तो.

मला खरं तर देवाचं काही नव्हतं. पण त्या दिवशी चारला ढोलाचा सराव होता, उशीर झाला की पथकातून नाव कापतात, आणि एकवीस पिल्लं धरायची म्हणजे तीन तास. गौतमदादा हॉटेलांचं उरलेलं आणायला टेम्पो घेऊन गेलेला. डुकरं सगळी एकाच कोपऱ्यात करतात. मी आइस्क्रीमचा लाकडी चमचा घेतला आणि त्या एका कोपऱ्यातून एकवीस पिशव्या भरल्या. एक ते एकवीस नंबर टाकले, रांगेत. पाऊण तासात विषय संपला.

एकोणीस पिशव्यांत अंडी निघाली. दोन साफ, नऊ आणि सतरा.

ज्यांच्यात निघाली त्या एकोणीस पिल्लांना औषध दिलं. साफ दोघांना मुद्दाम दिलं नाही, कारण पुढे वजनात काय फरक पडतो ते मॅडमना बघायचं होतं. त्यांनी गौतमदादाला बजावून सांगितलं की या दोघांना परस्पर काही पाजायचं नाही. तो शब्दाचा पक्का. त्याने पाजलं नाही.

आता मॅडम त्याच पानावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"गौतमभाऊ, याला जंत नाहीत. वहीत स्पष्ट आहे. मग हे दुसरं काहीतरी आहे. थोडा तापही आहे."

गौतमदादाने विचारलं, दुसरं म्हणजे काय. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की डुकरांचा जो साथीचा ताप असतो तो असेल असं नाही, पण संशय आला की वर कळवावं लागतं. मग माणसं येतात, रक्त नेतात, रिपोर्ट येईपर्यंत शेडमधून एक जनावर बाहेर जात नाही, आत येत नाही. आणि साथ निघालीच तर काय करतात ते त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. खड्डा खणतात.

गौतमदादाने गोदामातली हमाली सोडून सहा वर्षांपूर्वी दोन मादींवर ही शेड उभी केली. तो नुसता मान हलवत राहिला.

"तीनपर्यंत फॉर्म भरते मी," मॅडम बोलल्या. "तोवर हे वेगळं ठेवा."

त्या स्कूटरवरून परळला गेल्या. काटा, झोळी आणि औषधांची पेटी घेऊन मी मागून बसने जायचं ठरलेलं. घड्याळात पावणेबारा.

मी काय केलं असेल? जे नेहमी करते तेच, आधी हात, मग डोकं. पेटीतून जंताच्या औषधाची बाटली काढली, सिरिंजमध्ये ओढली आणि कोपऱ्यातल्या खणात उतरली. नऊ नंबर गोणपाटावर आडवं पडलेलं. पाजून टाकते, जंत पडतील, ते उठेल, मॅडमना वाटेल ताप उतरला. कोणाला काही सांगायला नको. मी त्याचा जबडा उघडला आणि सिरिंज गालात घातली.

मनगटावर पकड बसली.

"ते क्लीन आहे ना?" गौतमदादा बोलला.

मी हात सोडवायला बघितला. सुटला नाही. डोकं सटकलं माझं, मी बोलली सोड, मरतंय ते, तुला दिसत नाही का. त्याने सिरिंज काढून घेतली आणि उजेडात धरून किती भरलीय ते बघितलं.

"मागच्या वर्षी असंच एक होतं. असंच पोट. मी दया येऊन पूर्ण डोस दिला. आतले सगळे जंत एकदम मेले आणि गोळा होऊन आतड्यात अडकले. सकाळी पिल्लू ताठ." त्याने सिरिंज भिंतीवर ठेवली. "आता बोल. याला जंत आहेत हे तुला कसं ठाऊक?"

मी सांगितलं. कोपरा, चमचा, एकवीस पिशव्या. सरावाचं सांगितलं. आत्याचं सांगितलं नाही.

मला वाटलं तो मारेल. मी तयारीत होती, मारलं असतं तर मी पण मारलं असतं. पण तो त्या कोपऱ्याकडे बघत राहिला जिथून मी ते उचललेलं.

"अडीच आठवडे हे पिल्लू माझ्यासमोर वाळतंय," तो बोलला. "रोज वाटायचं, द्यावं याला औषध. नाही दिलं. का, तर वहीत लिहिलंय."

मग त्याने मोबाइल काढला. मॅडमचा नंबर लावून माझ्यासमोर धरला आणि परत बंद केला. बोलला, फोनवर नको, तोंडाने सांग, समोर उभी राहून. तीनच्या आत. नाहीतर मी सांगतो, आणि मी सांगितलं तर तुला या रस्त्यावर परत पाय ठेवता येणार नाही.

बस भोईवाड्याच्या अलीकडेच थांबली ती थांबलीच. पुढे कुठल्या तरी मंडळाची मूर्ती कारखान्यातून निघालेली, ताडपत्रीत गुंडाळलेली, आणि बांबूने वायरी उचलत पोरं तिला इंचाइंचाने काढत होती. ताशा वाजत होता. आमच्याच पथकाचा असणार. मी काटा खांद्यावर टाकला, पेटी पोटाशी धरली आणि गर्दी फाडत चालत सुटली. एक पोरगा ओरडला, ए वजनकाटा, माझं कर ना. दुसरा दिवस असता तर त्याचं नाक फुटलं असतं.

लॅबमध्ये पोचली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं. मॅडम आतल्या खोलीत फॉर्म भरत होत्या, दार अर्धं उघडं. आत्या सिंकवर पाठमोरी, काचपट्ट्या धूत. मी तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले, नळ तसाच वाहत राहिला. ती पुटपुटली की दोन महिन्यांनी सही आहे. एकोणीस वर्षांत एक काच फोडली नाय मी. पिल्लं काय, मरतात. डुकरं दर वेळी दहा-दहा घालतात. गप बस गो, मनू. आपण उद्या हळूच काहीतरी करू.

"उद्या ते नसेल," मी बोलली. "आणि तुझं नाव नाही घेत मी. मी केलं, मी सांगते."

आत गेली. मॅडमनी वर न बघता विचारलं की बरं झालं आलीस, नऊचं सॅम्पल घेतलं त्या दिवशी ते सुस्त होतं का, खात होतं का.

"मॅडम, ते सॅम्पल नऊचं नव्हतं."

त्यांनी पेन उचलला. "मग कोणाचं होतं?"

"माहीत नाही."

मला वाटलेलं सगळ्यात कठीण पहिलं वाक्य असेल. कठीण हे होतं. कोणाचं ते माहीत नाही. एकवीसपैकी एकाचंही मला माहीत नव्हतं. मी खाली बघून बाकीचं सांगत गेली आणि मॅडमच्या चपला बघत राहिली. त्या हलल्या नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी फॉर्म घडी घालून टेबलाच्या खणात टाकला, कपाटातून तेलाची बाटली, नळी आणि मोज्यांचं पाकीट घेतलं.

"बस स्कूटरवर," एवढंच बोलल्या.

शेडमध्ये त्यांनी मला पाय धरू दिले नाहीत. पाय गौतमदादाने धरले. मोजा मॅडमनी माझ्यासमोर टाकला. मी मोजा चढवला, तेल लावलं, बोट घातलं. नऊ नंबर थोडंसं कण्हलं. पिशवीवर नंबर टाकायच्या आधी मॅडमनी त्याचा कान धरून बिल्ला मला वाचायला लावला, मोठ्याने, पहिलीतल्या पोराला लावतात तसा. मी वाचला. परत एकदा वाचायला लावला.

त्यांनी स्कूटरच्या डिकीतून छोटा मायक्रोस्कोप काढून पाण्याच्या पिंपावर ठेवला आणि सॅम्पल मिठाच्या पाण्यात कालवून नळीत भरलं. वीस मिनिटं अंडी वर येऊ द्यायची. पिल्लाच्या बरगड्या वरखाली होत होत्या आणि मधेच थांबत होत्या, आणि दर वेळी थांबल्या की गौतमदादा तळहात त्याच्या छातीवर ठेवायचा. मॅडमनी डोळा लावला, काच सरकवली, परत सरकवली. मोजता मोजता त्यांनी मोजणं सोडलं.

"बघ," मला बोलल्या.

फणसच फणस. एकमेकांना चिकटून, जागा नाही.

त्यांनी पिल्लाच्या तोंडातून नळीने आधी तेल पाजलं, म्हणजे जंत आत अडकायला नकोत. तासाभराने औषध दिलं, पूर्ण नाही, चौथा हिस्सा. म्हणाल्या, उरलेलं तीन दिवसांनी, तेही हे जगलं तर. फॉर्म भरायचा की नाही ते उद्या ठरवू. सतरा नंबरचंही सॅम्पल घेतलं, त्यात अंडी कमी होती पण होती. त्यालाही औषध दिलं. निघताना गौतमदादाला त्या सॉरी बोलल्या. मी नाही बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेडवर होती, कोणी बोलावलं नव्हतं. गौतमदादा भिंतीवर बसून ब्रश करत होता. त्याने ब्रशनेच कोपऱ्याकडे दाखवलं. गोणपाटावर जंत पडलेले, पांढरट गुलाबी, वीतभर लांब, बॉलपेनाएवढे जाड, काही अजून वळवळत होते. मी सदतीस मोजले. नऊ नंबर उभं होतं. पाय लटपटत होते, पण उभं होतं, आणि भांड्यात तोंड घालून पाणी पीत होतं. मी उचलायला गेली तर ओरडलं. कान किटतील असं ओरडलं.

"चल, निघ आता," गौतमदादा बोलला, तोंडात फेस. पण गेट त्यानेच उघडलं.

अकराला लॅबमध्ये मॅडमनी मला समोर उभी केली. टेबलावर मोठं रजिस्टर, सगळ्या शेडींचं. एकशे अठ्ठेचाळीस ओळी. मॅडम रात्री झोपल्या नसाव्यात.

"शेडवर जाऊन आले. नऊचा ताप उतरलाय, फॉर्म पाठवत नाही," त्या बोलल्या. "आता खरं सांग. आणखी कुठे?"

"फक्त तिथेच."

"नक्की?"

"नक्की."

खोटं होतं. अँटॉप हिलची शेड होती, त्याच्या दोन दिवस आधीची, सतरा पिशव्या. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, त्याच दिवसांत का, आणि मग उत्तरात आत्या येणार. मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मला दिसलं की त्यांना माझं एक अक्षर पटलेलं नाही. आता कधीच पटणार नाही. पहिल्या ओळीपासून सगळं रजिस्टर त्यांच्यासाठी कोपऱ्यातला ढीग झालेलं. त्यांनी रजिस्टर मिटायला घेतलं, पूर्ण, सात महिन्यांचं काम.

मागे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

आत्या पदराला हात पुसत आली. टेबलाशी थांबली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि रजिस्टरवर ठेवलं. तिने त्यावर श्रावणाच्या सोमवारांना कुंकवाचं बोट लावलेलं.

"मॅडम, पोरीला मी सांगितलेलं," ती बोलली. "श्रावणात डुकराच्या आत हात घालू नको, खालचं उचल. श्रावणाच्या आधीची सगळी तिने बोट घालूनच घेतलीत. तिच्या मोज्यांचा कचरा मी टाकायची, मोजून." तिने श्रावण लागला त्या तारखेवर नख टेकवलं. "इथपासून पुढची खोटी. त्याच्या मागची धरा."

मॅडमनी नखाखालची तारीख वाचली, रजिस्टरमध्ये शोधली आणि विचारलं, "मावशी, एकोणीस वर्षं तुम्ही हे धुताय. श्रावणात काय करता?"

"घरी जाऊन दोनदा आंघोळ करते," आत्या बोलली. "मी कुठे बोट घालते, मी काच धुते."

मॅडमना हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. त्यांनी लाल पेन काढून माझ्या हातात दिला. त्या तारखेपासून खाली अडतीस ओळी. मीच एकेक आडवी मारली, आणि प्रत्येकीच्या पुढे त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, 'जमिनीवरचं, कोणाचं माहीत नाही.' अडतीस वेळा. त्यांचा प्रबंध आता दिवाळीच्या आधी जात नाही. मी एकटीने शेडवर जायचं नाही, हेही ठरलं. आत्याच्या सहीचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि आत्याने विचारलं नाही.

सॅम्पल परत घ्यायला आम्ही दोन दिवसांनी शिवडीला गेलो. श्रावण संपायला अजून पाच दिवस होते. मॅडमच्या मागे मी, माझ्या मागे आत्या, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शेडवर, साडी खोचून, नाकाला पदर. मी पाकिटातून मोजा काढला तर तिने तो माझ्या हातातून घेतला. बोटं नीट बसत नव्हती, ती एकेक ओढून बसवत राहिली. गौतमदादाने सतरा नंबरचे पाय धरले आणि ते किंचाळायला लागलं.

"किती आत?" तिने मला विचारलं.

मी माझ्या बोटावर दाखवलं.

तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असणार. मग हात पुढे केला. निघालं ते पिशवीत टाकलं, गाठ मारली, आणि पिशवी मला द्यायच्या आधी खाली वाकून पिल्लाचा कान धरला.

"सतरा ना गो? बघ नीट."

मी बघितलं. सतराच होतं. मी लिहिलं.